नानींची वही

आमच्या नानी २०१७ च्या जानेवारीत गेल्या. फजरनंतर मुसल्ल्यावर बराच वेळ बसून राहायची त्यांची सवय होती. त्या दिवशी अम्मी चहा घेऊन गेली तेव्हा त्या भिंतीला टेकलेल्या होत्या आणि तसबीह बोटांत तशीच होती. वय त्र्याऐंशी असावं. ‘असावं’ म्हणतो, कारण सेवापुस्तिकेत त्यांची जन्मतारीख १ जुलै आहे, आणि त्या काळी मास्तर शाळेत नाव घालताना ज्याच्या त्याच्यापुढे १ जुलैच लिहून टाकायचे. आमच्या खानदानात १ जुलैला जन्मलेले सहा जण निघतात.

जोहरनंतर मोमीनपुऱ्याच्या कब्रस्तानात, नानांच्या जवळ, दफन झालं. जनाजा उचलण्याआधी मोठ्या मामूंनी रिवाजाप्रमाणे जमलेल्यांना विचारलं, मरहूमांकडे कुणाचं देणं असेल तर सांगावं, आम्ही फेडू. कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करावं. कुणी पुढे आलं नाही. उलट एक म्हातारे गृहस्थ रडत म्हणाले की देणं माझ्याच अंगावर आहे, आपांनी माझ्या मुलीची परीक्षेची फी भरली होती. ही गोष्ट नंतर घरात सगळ्यांनी कौतुकाने सांगितली. आम्ही दोघी बहिणी आत बायकांमध्ये होतो. एक देणं आहे हे आम्हाला ठाऊक होतं. ज्यांचं होतं त्या बाई तिथे आलेल्या नव्हत्या.

त्या देण्याविषयी लिहावं की नाही यावर आमचं दोघींचं बरंच बोलणं झालं. मरहूमांची चांगली बाजूच बोलावी असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण नानींनी ही गोष्ट स्वतः आम्हाला सांगितली होती आणि लपवा असं म्हटलं नव्हतं. म्हणून लिहितो.

नानी मोमीनपुऱ्यातल्या विणकराची मुलगी. उत्तरेकडून दीडशे वर्षांपूर्वी नागपूर-कामठीला आलेल्या मोमीन लोकांचा हा मोहल्ला. घरोघरी हातमाग, दिवसभर खटखट. नानी म्हणत की त्यांनी पाढे मागाच्या ठेक्यावर पाठ केले. वडिलांनी मुलीला शाळेत घातलं ते हिशेबासाठी. व्यापारी सूत कमी तोलून द्यायचा आणि घरात कुणाला वाचता येत नव्हतं. पुढे त्यांनी सातवी केली, मग शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं, आणि १९५३ मध्ये एका उर्दू प्राथमिक शाळेत लागल्या. बुरखा घालून, टिफिनऐवजी रुमालात रोटी बांधून चालत जायच्या. मोहल्ल्यातल्या काही बुजुर्गांना ते पटलं नव्हतं. वर्षभराने त्याच बुजुर्गांच्या नाती त्यांच्या वर्गात बसल्या.

त्या लागल्या तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. नानी हसून म्हणायच्या, “मी एका खुर्चीवर बसले होते, राज्यं तीन बदलली.” त्यांच्यासाठी बदललं ते एवढंच की कागद मराठीत येऊ लागले. १९६४ मध्ये मराठी राजभाषेचा कायदा झाला, मग परिपत्रकं, हजेरीपत्रकाच्या सूचना, सगळं मराठीत. बाकीच्या उर्दू शिक्षिका ते कागद हेडमास्तरांकडून वाचून घ्यायच्या. नानींनी एक लांब वही घेतली आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या बाईंकडे शनिवारी जायला सुरुवात केली. बदल्यात त्या बाईंना उर्दू हरफ शिकवले. त्या बाईंचे वडील जुने अर्जनवीस होते आणि घरात उर्दू कागदांची पेटी पडून होती, ती त्यांना वाचायची होती.

ती वही आज आमच्याकडे आहे. उजवीकडून उघडली की उर्दू, डावीकडून उघडली की मराठी. मराठी बाजूची पहिली चार पानं फक्त ‘ळ’ ने भरलेली आहेत. शाळा, फळा, बाळ, केळं, काळी. उर्दूत हा आवाज नाही. नानींना तो पुढे इतका आला की आम्ही ‘शाला’ म्हटलं की त्या आमच्या जिभेकडे बोट दाखवायच्या आणि वर टाळूकडे इशारा करायच्या. आम्ही दोघी आज मुलांना तसंच करतो.

उर्दू बाजूला दर वर्षी चौथी पास झालेल्या मुलींची नावं आहेत. नुसती नावं आणि वडिलांचा धंदा. पुढच्या शाळेत गेली त्या मुलीच्या नावाला खूण आहे, घरी बसवली गेली तिच्या नावापुढे जागा कोरी. सुरुवातीच्या पानांवर खुणा फार कमी आहेत. १९७० च्या पुढे वाढत जातात. सरकारी खानेसुमारीत हे आकडे सापडतीलही, पण घर कोणतं आणि मुलगी कोणती ते या वहीत आहे.

खानेसुमारीवरून आठवलं. १९६१ च्या जनगणनेत नानींना मोहल्ल्याचा भाग मिळाला होता. त्या काळी घरातल्या बाईचं नाव परक्या माणसाला सांगायचं नाही अशी पद्धत. ‘अमुकची बायको’, ‘तमुकची आई’ एवढंच सांगायचे. नानी चौकटीत उभ्या राहून म्हणायच्या, “ही माझी यादी आहे, यात अमुकची बायको या नावाचा रकाना नाही.” नाना कंदील धरून बरोबर चालायचे, कारण काही घरी पुरुष रात्रीच भेटायचे. निवडणुकीत पडदानशीन बायकांची ओळख पटवायला बाई कर्मचारी लागायची, म्हणून दर निवडणुकीला नानींची ड्युटी ठरलेली. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. सरकार आपल्याला बोलावतं म्हणजे सरकारला आपण दिसतो, असा त्यांचा साधा हिशेब होता. आम्ही आमच्या ड्युटीची ऑर्डर आली की आधी कुणाला तरी सांगून रद्द होते का बघतो. खोटं कशाला बोला.

नानांचा इन्तेकाल १९६८ मध्ये झाला. चार मुलं, सासू, आणि एक पगार.

हल्ली जानेवारी आला की फातिमा शेख यांच्या नावाने आपल्या शाळांमधून कार्यक्रम होतात. ते चांगलंच आहे. पण भाषण लिहायला बसलं की कळतं, त्यांच्याबद्दल हाताशी लेखी आधार किती थोडा. पुण्यात १८४८ मध्ये फुले पती-पत्नींनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला असताना १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं, त्यात आपल्यामागे फातिमावर कामाचा ताण पडत असेल याची काळजी आहे. एका सहकारी शिक्षिकेने दुसरीबद्दल केलेला हा उल्लेख. भाषणात आम्ही तेवढाच सांगतो. बाकी जे लोक भर घालतात ते आम्हाला जमत नाही. शिकवणाऱ्या बायकांचे कागद राहत नाहीत हे खरं. नानींची वही पेटीतून काढली तेव्हा आमच्या मनात पहिल्यांदा हेच आलं.

आता १९७६. २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली हे सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वर्षी नसबंदीची मोहीम आली. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. कागदावर सक्ती नव्हती, पण खाली शिक्षक, तलाठी, नर्स यांना ‘केसेस’ आणायला सांगितलं जात होतं. नानींनाही सांगितलं गेलं. दोन केसेस आणा. कोणी सांगितलं, कोणत्या शाळेत, ते लिहीत नाही. सांगणाराही कुणाच्या तरी दबावाखालीच होता.

नानींनी दोन महिने आणल्या नाहीत. पगार अडकला. तिसऱ्या महिन्यात किराणावाल्याने उधारी बंद केली. धाकट्या खालांना तेव्हा टायफॉईड झाला होता.

पहिला माणूस पाच मुलांचा बाप होता, स्वतःच तयार होता. दुसरा त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचा बाप. त्याचा माग बंद पडला होता आणि तो हातगाडी ओढायचा. त्याला दोनच मुली होत्या, मोठी दुसरीत, धाकटी पाळण्यात. नानी त्याच्या घरी गेल्या. तो बाहेर ओट्यावर बसला होता, बायको आत होती. ऑपरेशन करणाऱ्याला रोख पैसे मिळत होते आणि त्याला पैशांची गरज होती. नानी त्याला म्हणाल्या, दोन मुली आहेत, दोघींना मी शिकवीन. तो हो म्हणाला.

हे नानींनी आम्हाला सांगितलं ते २०११ च्या फेब्रुवारीत. त्या वर्षीच्या जनगणनेत आम्हा दोघींची ड्युटी लागली होती, आणि आम्ही संध्याकाळी हुडकेश्वरच्या घरी येऊन पायाला तेल चोळत कुरकुर करत होतो. एका घरात बाईला न विचारता नवऱ्यानेच सगळी माहिती दिली आणि आम्ही ती लिहून घेतली, असं सहज बोलून गेलो. नानी एकदम म्हणाल्या, “बाईला विचारलं नाही?” मग बराच वेळ गप्प राहिल्या. मग सांगितलं.

त्यांचे शब्द आम्हाला जसे आठवतात तसे लिहितो. “मी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. पण मी त्याच्या मुलीची उस्तानी होते. तो मला नाही म्हणू शकणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच मी त्याच्याकडे गेले. आणि त्याची बायको आत पडद्याआड होती, तिला मी विचारलंच नाही. जनगणनेत मी प्रत्येक बाईचं नाव विचारलं होतं. त्या दिवशी मी तिचं नाव विचारलं नाही.”

दोन नावं भरली, पगार सुटला. १९७९ च्या पावसाळ्यात त्या माणसाची धाकटी मुलगी तापाने गेली. वर्षं गेली, माणूसही गेला. नानींनी मोठ्या मुलीला चौथीपर्यंत शिकवलं, पुढच्या शाळेत घातलं, पुस्तकं घेऊन दिली. तिच्या नावापुढे वहीत खूण आहे. पण तिची आई नानींशी बोलत नव्हती.

आपल्या दीनमध्ये एक गोष्ट लहानपणापासून शिकवली जाते. अल्लाहचा हक्क राहिला तर तौबा आहे, पण बंद्याचा हक्क राहिला तर तो त्या बंद्याकडेच जाऊन मागून घ्यावा लागतो. आपण हे मुलांना पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे जातो. नानींनी ते शब्दशः घेतलं. दर वर्षी रमजान लागण्याच्या आधी अर्धा किलो खजूर घेऊन त्या त्या बाईंच्या दारी जायच्या. काही लोक शब-ए-बरातला माफी मागत फिरतात, काही म्हणतात त्याला आधार नाही. नानी त्या वादात कधी पडल्या नाहीत. त्यांनी आपला दिवस स्वतःच ठरवला होता.

१९९२ मध्ये त्या रिटायर झाल्या आणि पुढच्या वर्षी प्रॉव्हिडंट फंडातून हुडकेश्वरला प्लॉट घेतला. नातेवाईक हैराण झाले. मोमीनपुरा सोडून इतक्या लांब, तेही शेतात! तेव्हा हुडकेश्वर ग्रामपंचायतीचं गाव होतं, महानगरपालिकेत बऱ्याच नंतर आलं. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतून बसायची, ती हातात घेऊन म्हाळगीनगरपर्यंत चालायचं आणि तिथून बस. कुणी म्हणालं, तिथे अजान ऐकू येणार नाही. नानी म्हणाल्या, “घड्याळ आहे ना.” ताजबाग मात्र त्या बाजूने जवळ, आणि उर्सच्या दिवसांत पाहुण्यांना आमचं घर बरोबर सापडायचं.

आजूबाजूला सगळी मराठी घरं. नानींनी ओसरीवर दुपारी बायकांचा वर्ग सुरू केला. सही करता यावी, बसची पाटी वाचता यावी, एवढाच हेतू. समोरच्या काकू पहिल्या दिवशी येऊन म्हणाल्या, “काऊन वो बाई, तुम्ही मुसलमान अन् मराठी शिकवता?” नानी म्हणाल्या, “मी पण शिकूनच आले.” त्या काकू पुढे वर्गातल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी झाल्या आणि ईदच्या दिवशी आमच्याकडून शिरखुर्म्याचा डबा गेला नाही तर स्वतः विचारायला यायच्या. नळासाठी, खांबावरच्या दिव्यासाठी, रेशनकार्डासाठी अर्ज नानींच्या अक्षरात जायचे. ग्रामपंचायतीतला बाबू म्हणायचा, आजींचा अर्ज आला की शुद्धलेखनाची भीती वाटते. आम्ही दोघी शाळेसाठी नानींकडेच राहत होतो, आणि या वर्गात पाटी-पेन्सिल वाटणं हे आमचं काम.

डिसेंबर १९९५ मध्ये देशात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. जुन्या वस्तीतल्या काही घरांतून नकार येऊ लागला. थेंबांनी पुढे मूल होत नाही, ही नसबंदीचीच दुसरी तऱ्हा आहे, अशी अफवा होती. आज आपण अशा अफवेवर हसतो किंवा आपल्याच लोकांना अडाणी म्हणतो. आम्हाला ते पटत नाही. ज्या ओट्यावर वीस वर्षांपूर्वी सरकारी माणूस यादी घेऊन आला होता, त्याच ओट्यावर पुन्हा सरकारी माणूस डबा घेऊन आला तर लोक दोन्हींचा संबंध लावणारच. आरोग्य खात्याच्या लोकांनी नानींना विचारलं, तुम्ही आमच्यासोबत याल का, तुमचं ऐकतील. नानी हो म्हणाल्या. वय बासष्ट.

आम्ही दोघी सुट्टी म्हणून बरोबर. बर्फाच्या पिशव्या ठेवलेला निळा डबा आमच्या खांद्यावर आळीपाळीने. थेंब दिले की डाव्या करंगळीच्या नखाला शाई लावायची आणि दारावर खडूने खूण करायची. नानी प्रत्येक दारात आधी आईला बोलावायच्या. सासरा, नवरा, दीर कुणीही बाहेर आला तरी, “मुलाची आई कुठे आहे?” आई आली की कुपी तिच्या हातात द्यायच्या, काय आहे, कशासाठी आहे ते सांगायच्या, आणि मग विचारायच्या. कुणी नाही म्हटलं तर वाद घालायच्या नाहीत. पुढच्या फेरीला पुन्हा यायच्या. बरोबरच्या नर्सबाई चिडायच्या की आजी, एका घराला पंधरा मिनिटं लागली तर सूर्य मावळेल. नानींचं काम तसंच.

एका बोळात शेवटच्या दारापाशी त्या थांबल्या. आम्ही कडी वाजवली. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका बाईंनी. मागे त्यांची मुलगी होती, कडेवर वर्षाचं पोर. बाईंनी नानींकडे पाहिलं, मग आमच्या खांद्यावरच्या डब्याकडे.

“आपा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही मागे एकदा आमच्या घरी आला होता. आता माझ्या मुलीच्या घरी पण?”

नानी काही बोलल्या नाहीत. बाईंनी दार जोरात लावलं नाही, हळूच लावलं. आम्ही तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या, आम्हाला राग आला. रस्त्यात आम्ही म्हटलं, नानी, किती उद्धट बाई. नानी म्हणाल्या, “तिचं बरोबर आहे.” पुढे काही नाही. दारावर त्यांनी नकाराची खूण स्वतःच्या हाताने केली.

तीन फेऱ्या असंच झालं. नानी जायच्या, कडी वाजवायच्या, दार उघडायचं आणि लागायचं. चौथ्या वेळी आम्ही चौकातल्या बूथवर बसलो होतो. उन्हं उतरताना ती मुलगी बुरख्यात पोराला घेऊन आली. नानींसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आपा, अम्मीला सांगू नका.” पोराने थेंब थुंकले, पुन्हा दिले. शाई लावताना नानींचा हात हलत होता, डाग सगळ्या बोटाला लागला. घरी गेल्यावर त्या बाईंना बोट दिसलंच असणार. पण त्यावरून भांडण झालं असं काही आमच्या कानावर आलं नाही.

देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात नोंदला गेला, आणि २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशीची बातमी आम्ही नानींना वाचून दाखवली. त्यांची नजर तेव्हा कमी झाली होती. त्यांनी विचारलं, “त्यात दारोदार फिरणाऱ्या बायकांचं काही लिहिलंय का?” एक ओळ होती. ती पुन्हा वाचायला लावली.

शेवटची दोन वर्षं त्यांना बस चढवत नव्हती. रमजानच्या आधी त्या धाकट्या मामूंच्या हाती खजूर द्यायच्या आणि पत्ता सांगायच्या. मामूंना वाटायचं, गरीब घर आहे, जकातीतलं काही असेल.

इन्तेकालनंतर पेटी उघडली. सेवापुस्तिका, नानांचा एक फोटो, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आणि ती वही. उर्दू बाजूच्या अगदी शेवटच्या पानावर त्या हातगाडीवाल्याचं नाव, वर्ष १९७६. त्याखाली निळ्या, काळ्या, कधी पेन्सिलीच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या करून, आपण मतमोजणीत करतो तशा. आम्ही मोजल्या. चाळीस. नावाशेजारी, नंतर कधीतरी वेगळ्या शाईने, त्याच्या बायकोचं नाव लिहिलेलं होतं.

त्या वर्षी रमजान मेच्या अखेरीस आला. नागपूरचा मे, दुपारी घराबाहेर पडायचं नाव नको. आम्ही अस्रनंतर अर्धा किलो खजूर घेऊन निघालो. बोळ तोच, दाराला आता लोखंडी जाळी. बाई आत पलंगावर बसल्या होत्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगी घरात होती, तिने आम्हाला ओळखलं आणि पाणी आणलं.

“कोण आलंय?” बाईंनी विचारलं.

“आपांच्या नाती.”

त्यांनी हात पुढे केला. आम्ही खजुराची पिशवी त्यांच्या हातात दिली. “मागची दोन वर्षं तुमचा मामू दारातूनच देऊन गेला,” त्या म्हणाल्या. “ती कधी दारातून गेली नाही. आत यायची, जमिनीवर बसायची.”

आम्ही नानी गेल्याचं सांगितलं. त्यांना कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली आणि बराच वेळ ओठ हलत होते, दुआ असावी. मग आम्ही जे बोलायला आलो होतो ते बोललो, वाक्यं आधी ठरवली होती तरी अडखळलो. नानींना तुम्ही माफ केलं का.

“तीही हेच विचारायची,” त्या म्हणाल्या. “दर वर्षी.”

आम्ही थांबून राहिलो.

“पहिल्या वर्षी मी खजूर नालीत फेकले. तिच्या समोर. दुसऱ्या वर्षी माझ्या मुलीने उचलून घेतले, मी तिला मारलं. तिसऱ्या वर्षी माझी धाकटी गेली होती. त्या वर्षी ती आली तेव्हा बोललीच नाही, नुसती बसली. त्या वर्षीपासून मी परत केले नाहीत. रोजा त्यानेच सोडते.”

मुलगी चहा घेऊन आली. आम्ही नको म्हणत होतो, त्यांनी ऐकलं नाही. चहा होईपर्यंत त्या नानींच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारत राहिल्या. त्रास झाला का, मुसल्ल्यावरच का, गुस्ल कुणी दिलं. दफन मोमीनपुऱ्यात झालं हे ऐकून म्हणाल्या, “म्हणजे जवळच आहे.”

निघताना त्यांनी नातवाला हाक मारली आणि या दोघींना मगरिबच्या आत बसपर्यंत सोडून ये म्हणाल्या. एकवीस-बावीस वर्षांचा उंच मुलगा आतून आला, ई-रिक्षाची चावी घेतली आणि बोळातून आमच्या पुढे भराभर चालू लागला. वेगात चालतो, आम्हाला त्याच्या मागे जवळजवळ पळावं लागलं. भगवाघर चौकात उतरून आम्ही पैसे काढले तर त्याने घेतले नाहीत. म्हणाला, नानीने सांगितलंय, पुढच्या वर्षी जरा लवकर या, चाँद दिसायच्या आत.